तीन दगडांवर पांढरा खडा

चष्म्याच्या त्या दुकानात भाऊ दोन होते, पण गिऱ्हाइकांना एकच माहीत होता. थोरला पुढे बसायचा. पांढरा कोट, काचेचं लखलखीत काउंटर, पाठीमागच्या भिंतीवर डोंगरातल्या खिंडींचे मोठाले फोटो, आणि जिभेवर अशी साखर की नंबर तपासायला आलेला माणूस जाताना दोन फ्रेमी घेऊन जायचा. धाकटा मागच्या खोलीत. खोली म्हणायचं आपलं, खरं तर ती जिन्याखालची जागा. तिथे काच घासायचं यंत्र होतं, त्याच्या चाकावर पाण्याची बारीक धार अखंड पडत असायची, आणि त्यातून उडालेला पांढरट गाळ धाकट्याच्या बाह्यांवर, भुवयांवर, चहाच्या कपावर बसलेला असायचा. पुढून हाक यायची, "अरे, झाला का तो?" तो म्हणजे चष्मा. धाकट्याला नावाने हाक मारण्याचे कष्ट दादाने कित्येक वर्षांत घेतले नव्हते.

आईवडील लवकर गेले. दादाने याला लहानाचा मोठा केला, हे खरं. ते त्याने कोणाला विसरू दिलं नाही, हेही तितकंच खरं. गिऱ्हाईक समोर असलं की त्याला विशेष चेव यायचा. "हा माझा धाकटा. काच घासतो. दुसरं काही जमलं नाही बिचाऱ्याला." गिऱ्हाईक ओशाळं हसायचं, दादा मोकळं हसायचा, आणि धाकटा तयार चष्मा काउंटरवर ठेवून आत जायचा. मूग गिळून बसायची एकदा सवय लागली की माणूस त्यातच म्हातारा होतो. हा तर लग्नावाचूनच म्हातारा व्हायला लागला होता.

वर्षातून एकदा मात्र दादा दुकानाला कुलूप घालायचा आणि धाकट्याला घेऊन डोंगरात जायचा. तीन खिंडी ओलांडून पलीकडच्या तळ्यापर्यंत जायचं आणि आल्या रस्त्याने परत यायचं. रस्त्याने म्हटलं खरं, पण तिथे रस्ता नव्हताच. पायवाट नाही, पाटी नाही, काही नाही. दादाला तेच हवं असायचं. त्याचा नियम ठरलेला होता: डोंगरात खूण ठेवायची नाही आणि दुसऱ्या कोणी ठेवलेली दिसली तर ती मोडायची. वाट चुकू नये म्हणून लोक दगडावर दगड रचून ठेवतात ना, त्या ढिगाऱ्यांची दादाला मनस्वी चीड. "आंधळ्याच्या काठ्या," तो म्हणायचा. "ज्याला डोळे आहेत त्याने डोंगर वाचावा, नाहीतर घरी बसावं."

दादा पुढे चालायचा आणि मागे वळून कधी बघायचा नाही. धाकटा मागे. वाटेत दगडांची चळत दिसली की ती पाडायची, दगड चहूकडे पांगवायचे, खालची माती बुटाने सारखी करायची, हे त्याचं काम. त्यात तो इतका तरबेज झाला होता की चालता चालता, मनात दुसरंच काही चाललेलं असताना, त्याचा पाय आपसूक जाऊन ढिगारा मोडून यायचा. दादाने ज्याला कधी नावं ठेवली नाहीत असं त्याच्या आयुष्यातलं ते एकमेव काम. त्यामुळे त्याला ते प्रिय होतं, हे सांगायला नकोच.

दादाला एकच मुलगी. ती लहानपणी बापाच्या काउंटरला फारशी शिवली नाही, काकाच्या जिन्याखालीच वाढली. फ्रेमचे बारीक स्क्रू रंगांप्रमाणे वेगळे करायची, फुटक्या काचेतून काकाचं नाक बघायची आणि हसून हसून लोळायची. या माणसाला जगात कोणी आपलं असेल तर ती. गेल्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. त्याला दादा 'मास्तर' म्हणायचा, मग सगळेच म्हणायला लागले. मास्तर हसरा होता, थोडा धांदरट, कोणाच्या वाईटावर नसलेला. आणि दादाने जाहीर केलं की यंदा जावई डोंगरात येणार. "नकाशातला डोंगर पुष्कळ शिकवलात, आता पायाखालचा बघा."

निघायच्या आदल्या दिवशी पुतणी जिन्याखाली आली. यंत्र बंद होईपर्यंत थांबली.

"काका, बाबांना मी काही सांगू शकत नाही. ते पुढे निघाले की मागचं जग मेलं की जगलं बघत नाहीत. तू आहेस म्हणून पाठवते. याला नीट परत आण."

"आणतो," धाकटा म्हणाला. "त्यात काय."

पहिल्याच सकाळी नदीकाठी दादाने दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे पाण्याच्या कडेला बसून त्याने पांढरे खडे वेचले आणि जॅकेटचे खिसे भरले. मास्तरने विचारलं तेव्हा म्हणाला, "छंद." आजवर असला छंद त्याला कधी नव्हता. दुसरी गोष्ट धाकट्याच्या जिव्हारी लागली.

"यंदा मागे मास्तर राहतील," दादा म्हणाला. "तू मध्ये चाल."

"मागे मी असतो, दादा."

"असतोस. यंदा नाहीस. जावई घरचे झाले, त्यांनाही काहीतरी मान द्यायला नको?"

झालं. सगळ्या जन्मात मिळालेलं एक काम, तेही काढून जावयाच्या हातात ठेवलं, आणि वर मानाची भाषा. धाकट्याने पाठीवरची सॅक सारखी केली आणि मध्ये चालू लागला. पण राग पोटात घेऊन चालणं चढावर फार जड जातं.

तो मान मास्तरला काही पेलवला नाही. नवे बूट, आणि शाळेच्या फरशीला सरावलेले पाय. पहिल्या खिंडीच्या अर्ध्यावर टाचा सोलून निघाल्या. पोर मागे लंगडत येतंय हे धाकट्याला बघवेना. त्याला वचन आठवलं. तो थांबला आणि म्हणाला, "तुम्ही मध्ये चला, मास्तर. मागे मी सवयीचा आहे. तुम्ही मागे राहिलात आणि कुठे बसलात तर आम्हाला कळायचंही नाही." मास्तरने आभार मानले. दादा केव्हाच पुढच्या वळणाआड गेला होता. त्याला न सांगताच रांग बदलली. माया म्हणून बदलली, हेही इथे सांगून ठेवतो, कारण पुढे मायेचं नाव घ्यायला जागा उरणार नाही.

त्या खिंडीला भाऊ उंबरा म्हणायचे, इतकी ती साधी. माथ्यापर्यंत धाकट्याला चार ठिकाणी दगड रचलेले दिसले. तीन चपटे दगड एकावर एक, आणि वर पांढरा खडा. कोणीतरी अगदी अलीकडेच येऊन गेलं असावं असं त्याला वाटलं. त्याने सवयीने मोडले. मास्तर पुढे आपल्या टाचांकडे बघत चालला होता, त्याला ढिगारे दिसले नाहीत आणि पाडल्याचा आवाजही वाऱ्यात गेला. शेवटचा ढिगारा पाडताना धाकट्याला थोडं बरंसुद्धा वाटलं. काम आपलं आपल्याकडे परत आलं होतं.

दुसरी खिंड म्हणजे कात्री. हिची ओळख नीट करून दिली पाहिजे. माथ्यावरून, घराकडे तोंड करून उभं राहिलं, तर खाली दोन घळी उतरतात. डावीकडची माणसाला सुखरूप खालच्या दगडगोट्यांच्या उतारावर नेऊन सोडते. उजवीकडची दिसायला तशीच, तितकीच रुंद, चार पावलं जास्तच सोपी. थोडं उतरल्यावर ती संपते. खाली नुसता कडा. तळ्याकडे जाताना याचा काही त्रास होत नाही, कारण बरोबरच्या घळीतून वर चढलं की आपण आपोआप माथ्यावर येतो. परत येताना मात्र निवड करावी लागते.

त्या घळीत मास्तर एका दगडावर बसून बूट काढत होता. दादा किती पुढे गेला ते बघायला धाकटा एकटा माथ्यापर्यंत चढला आणि कडेवरून त्याने डोकं वर काढलं. दादा त्याच घळीच्या तोंडासमोर, दहा-बारा हातांवर गुडघे टेकून बसला होता. पाठमोरा. एक हात जमिनीवरून फिरवत होता, पडलेली टाचणी शोधावी तसा. चपटा दगड लागला की तो बोटांनी चाचपायचा, ठेवायचा. दुसरा ठेवला, तिसरा ठेवला. मग खिशातून पांढरा खडा काढला, ढिगाऱ्याचा माथा हाताने शोधला आणि खडा वर ठेवला. उठून चार पावलं मागे झाला. मान वाकडी करून, समोर न बघता डोळ्याच्या कोपऱ्यातून ढिगाऱ्याकडे बघत राहिला. पांढरं दिसल्यावर त्याने मान हलवली आणि पलीकडे उतरायला लागला.

चष्म्याच्या दुकानात हयात गेलेल्या माणसाला आणखी काय सांगायला हवं? मान वाकडी करून बघतो त्याच्या नजरेचा मधला भाग गेलेला असतो, कडेचं तेवढं उरलेलं असतं. धाकट्याला एकामागून एक गोष्टी आठवायला लागल्या. वर्षभरापासून स्क्रू लावायचं काम दादाने मागे ढकललं होतं, 'असली बारीकसारीक कामं तूच कर' म्हणून. गिऱ्हाईक अक्षरांचा तक्ता वाचायचं तेव्हा दादा तक्त्याकडे बघायचाच नाही, त्याला तो तोंडपाठ होता. चढताना डोंगर नाकासमोर असतो, पाय ओळखीचे असतात, निभावून नेता येतं. उतरताना येत नाही. म्हणून हे खडे. म्हणून मागे मास्तर, ज्याला मोडायचा नियम ठाऊकच नव्हता.

धाकटा खाली जाऊन मास्तरला घेऊन आला. त्याला पुढे काढलं. मास्तर ढिगाऱ्याशेजारून लंगडत गेला आणि पलीकडे उतरला. आता माथ्यावर धाकटा आणि ते तीन दगड.

एवढं सगळं कळल्यावर माणूस काय करतो? चार शब्द बोलतो. 'दादा, मला कळलंय, तू काळजी करू नकोस, येताना मी पुढे होतो.' धाकट्याच्या मनात हे शब्द आले. अगदी असेच आले. पण त्यांच्या मागोमाग दुसरं आलं: आंधळ्याच्या काठ्या. काच घासतो, दुसरं काही जमलं नाही बिचाऱ्याला. आणि मग असं वाटलं की दादाचाच नियम आहे, आपण तो आजवर पाळला, आज का मोडायचा? त्याने वाकून पांढरा खडा उचलला आणि लांब फेकला. कुठे पडतो ते बघितलं नाही. उजव्या घळीत तो टकटक करत गेला आणि थांबला. बाकीचे दगड त्याने पांगवले, माती बुटाने सारखी केली. काम नेहमीसारखं स्वच्छ झालं.

त्याला भावाचा जीव घ्यायचा नव्हता, हेही सांगून टाकलेलं बरं. त्याला एक वाक्य हवं होतं. 'मला दिसत नाही, तू पुढे हो.' एवढंच. वाट त्याला तळहातासारखी पाठ होती. दादा अडला की तो लगेच पुढे होणार होता, फक्त आधी दादाने मागायला हवं होतं. उभ्या जन्मात एकदा.

तिसऱ्या खिंडीला ते बहिरी म्हणायचे, कारण तिथे मारलेली हाक पलीकडच्याला ऐकू येत नाही. तिच्यावरचे ढिगारेही धाकट्याने मोडले. आता ती सवय राहिली नव्हती.

तळ्याकाठी संध्याकाळी तंबू लागले, छोट्या स्टोव्हवर सूप उकळायला लागलं आणि दादा खुलला. जावई नवा होता, म्हणजे जुनी गोष्ट पुन्हा सांगायला मोकळीक.

"मास्तर, कात्रीत तुम्ही आज सुरेख चढलात. नाहीतर हा आमचा. पहिल्या वर्षी आणला होता, तर मध्येच भिंतीला चिकटून बसला. पुढे जाईना, मागे येईना. मी वर जाऊन बघतो तर काय? पँट ओली." दादा हसायला लागला. "तीस वर्षांचा घोडा. मी हाताला धरून खाली आणला, नाहीतर अजून तिथेच उभा असता."

मास्तर भिडेखातर हसला, मग काकाकडे बघून म्हणाला, "माझी तर तिथे बसल्या जागी झाली असती, काका." चांगलं पोरगं होतं. त्याने सावरून घ्यायला म्हटलं होतं. धाकट्याने सूप प्यायलं, भांडं तळ्याच्या पाण्यात धुतलं आणि तंबूत जाऊन पडला. त्याला चांगली झोप लागली, हे मुद्दाम सांगतो.

परतीला बहिरीवर ऊन होतं. दादा पुढे. माथ्यावर तो थांबला, मान डावीकडे वाकडी केली, उजवीकडे केली. चार पावलं गेला, परत आला. हात नकळत खिशाकडे गेला. मागून धाकटा सगळं बघत होता, आणि त्याला आत कुठेतरी गुदगुल्या होत होत्या. खोटं कशाला बोला, माणसाला दुसऱ्याचं धडपडणं बघायला आवडतं, आणि ज्याने जन्मभर आपल्याला धडपडताना बघितलं त्याचं तर फारच.

"दादा, मी पुढे होऊ?"

"का? मला काय झालंय?"

"काही नाही. सहज."

"तू मागेच बरा."

स्वच्छ उजेड होता, बहिरी उतरली. दादा दोनदा भरकटला आणि दोन्ही वेळा मास्तरला सांगितलं की मुद्दाम वेगळी बाजू दाखवत होतो. मास्तरने मान डोलावली. तो भूगोलाच्या तासाला उपयोगी पडेल म्हणून दगडांचे रंग बघत चालला होता. पट्ट्या बांधून टाचा बऱ्या झाल्या होत्या, घर जवळ यायला लागलं होतं, गडी खुशीत होता. बायकोसाठी त्याने तळ्यावरचं एक पीस सॅकच्या पट्ट्यात खोवलं होतं.

कात्रीच्या माथ्यावर पोचायला आणि ढग खाली उतरायला एकच गाठ पडली. बघता बघता दहा पावलांपलीकडचं पुसलं गेलं. सगळं राखाडी: दगड, हवा, माणसं. दोन्ही घळींची तोंडं शेजारी शेजारी अंधुक दिसत होती. दादा मधोमध उभा राहिला. त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. गुडघे टेकून जमीन चाचपावी असं त्याला वाटलं असणार, पण जावयासमोर कसं चाचपणार? त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. धाकट्याने ते बघितलं. आता म्हणेल, त्याला वाटलं. आता म्हणावंच लागेल.

"दादा, मी पुढे होऊ?"

दादाने खिशातले उरलेले खडे चाचपले. आणि मग मागे न वळता म्हणाला, "मास्तर, तुमचे डोळे तरुण आहेत. जाताना मला इथे एक खूण दिसली होती. कोणीतरी तीन दगडांवर पांढरा खडा ठेवला होता. तसलं आवडत नाही मला, पण आता आहे तर आहे. जरा बघा बरं."

मास्तरने डावीकडच्या घळीत डोकावून बघितलं. मग उजवीकडच्या.

"पांढरं काहीतरी दिसतंय, बाबा. इकडे, थोडं खाली."

"मग तीच वाट. चला."

धाकट्याने तोंड उघडलं. ते खरंच उघडलं होतं. 'थांबा मास्तर' हे शब्द ओठांपर्यंत आले होते. पण तेवढ्यात दादाच्या जिवात जीव आला होता आणि जिवात जीव आला की त्याला पहिली आठवण धाकट्याची व्हायची.

"आणि तू रे," दादा म्हणाला, "तू सावकाश ये. पँट सांभाळ."

मास्तर हसला. सुटल्याचं हसू, दुसरं काही नाही. घळीत पाय टाकता टाकता वळून काकाकडे बघत हसला, आणि धाकट्याचं तोंड मिटलं. चार पावलं जाऊ दे, त्याने मनाशी म्हटलं. चार पावलांनी याला खडा मिळेल, खाली दगड मिळणार नाहीत, परत वर येईल, मग दादाचं तोंड बघण्यासारखं होईल. मग सांगू.

मास्तर ढगात गेला. त्याचा आवाज आला, "हो, खडाच आहे." मग आणखी थोडा खालून, "पण बाबा, इथे—" आणि मग दगड घरंगळल्याचा आवाज. सॅकला बांधलेला टीनचा कप दोनदा वाजला. त्यानंतर काहीच वाजलं नाही.

"मास्तर," दादाने हाक मारली. "दिसली का वाट?"

धाकटा डावीकडच्या घळीतून खाली धावला. धावला म्हणण्यासारखी ती जागा नव्हती, पण तो धावला. खालून वळसा घेऊन कड्याच्या पायथ्याशी गेला. मास्तर दगडांत आडवा पडला होता. डोळे उघडे होते आणि काकाला बघून त्याने ओळख दिली. शरीर कसं पडलं होतं ते सांगत नाही. मुठीत पांढरा खडा होता.

"खडा होता, काका," तो म्हणाला. शाळेतल्या पोराने चुकलेलं उत्तर समजावून सांगावं तसं म्हणाला. "पण सुटाच होता. खाली दगड नव्हते. मी बघितलं नीट."

"बोलू नका, मास्तर."

"तिला सांगू नका पडलो म्हणून. हसेल."

धाकटा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला. वरून, खूप वरून, दादाच्या हाका येत होत्या. दिसली का वाट, दिसली का. मास्तरचा श्वास आधी मोठा झाला, मग लहान झाला. धाकट्याने त्याला सांगायचं ठरवलं, सगळं, खडा कोणी फेकला ते. सांगायला तोंड खाली नेलं तेव्हा ऐकणारा राहिला नव्हता. त्याने मूठ सोडवून खडा काढून घेतला आणि दगडांच्या फटीत खोल ढकलून दिला.

मग तो परत वर चढला. दादा जिथे होता तिथेच उभा होता, एक पाऊलही हलला नव्हता. ढगाकडे तोंड करून, मान वाकडी करून.

"कोण आहे?"

"मी."

"मास्तर?"

"गेले."

दादा मटकन खाली बसला. हाताने जमीन चाचपायला लागला, ढिगारा जिथे रचला होता तिथली. आता जावई बघत नव्हता. सगळी जागा चाचपून झाली. मग धाकट्याकडे, म्हणजे धाकट्याच्या थोडं बाजूला बघून त्याने विचारलं, "तू मोडलास?"

"तुझाच नियम, दादा."

"मागे मास्तर होते."

"त्यांच्या टाचा सोलल्या होत्या."

ढग जाडच होता. खाली उतरून मदत आणायला हवी होती, मेलेल्या माणसासाठीही आणावी लागते. दादा उठला. दोन्ही हात पुढे करून उभा राहिला.

"मला दिसत नाही," तो म्हणाला. "तू पुढे हो."

आलं ते वाक्य. धाकटा पुढे झाला. दादाने त्याच्या सॅकचा पट्टा मागून घट्ट धरला, आणि अशा रीतीने दोघे भाऊ कात्री उतरले. उंबऱ्यावरही दादाने पट्टा सोडला नाही.

घरी सगळं आवरल्यावर, माणसं येऊन जाऊन संपल्यावर, पुतणी दोघांच्या समोर येऊन बसली. तिचं रडून झालं होतं. चेहरा कोरा होता.

"मला एकच विचारायचंय. ढग होता, वाट चुकली, हे कळलं. पण बाबा, तुमचा तो नियम. जाताना तिथे चार दगड रचून ठेवले असते तर? एवढुसे चार दगड. तर तो असता ना?"

धाकटा खुर्चीच्या काठावर पुढे सरला. दादाला आता दोनच रस्ते होते. रचले होते म्हणायचं, म्हणजे का रचले, कोणाला दिसत नव्हतं, तुझ्या नवऱ्याला पुढे का धाडलं, हे सगळं आलं. आणि मग मोडले कोणी, तेही आलं. दादाने मान वाकडी करून धाकट्याकडे बघितलं. किती दिसलं असेल कोण जाणे.

"असता," दादा म्हणाला. "माझं चुकलं."

जन्मात पहिल्यांदा तो हे म्हणाला. स्वतःचं आंधळेपण झाकायला म्हणाला की भावाला झाकायला, हे धाकट्याला त्या दिवशी कळलं नाही आणि पुढेही कळलं नाही. त्याने विचारलं नाही. तो खुर्चीत मागे सरकून बसला. पुतणी उठली, बापाकडे बघितलं आणि आत निघून गेली. त्यानंतर ती बापाशी एक शब्द बोलली नाही. ताट समोर ठेवते, औषध देते, बोलत नाही. दादाचे डोळे आता पुरते गेलेत. तो खिडकीशी बसून असतो आणि ती खोलीत आली की पावलांच्या आवाजाकडे तोंड फिरवतो. तेवढंच.

दुकानात आता धाकटा पुढे बसतो. पांढरा कोट त्याला जरा सैल होतो. मागचं यंत्र पगारी माणसाकडे दिलं. खिंडींचे फोटो पुतणीने पहिल्याच आठवड्यात उतरवले. ती रोज येते, काकाशेजारी बसून स्क्रू लावते, हिशेबाचं बघते, आणि काकाने जेवण टाळलं तर रागावते. लोक म्हणतात, मुलगीसुद्धा इतकं करणार नाही. त्याला जे जे हवं होतं ते सगळं मिळालं, अगदी एकूण एक.

एकदा बापाचं जुनं जॅकेट कोणाला तरी द्यायला काढलं तेव्हा तिला खिशात मूठभर पांढरे खडे सापडले. ती ते दुकानात घेऊन आली.

"काका, हे कशाचे रे?"

"नदीवरचे," धाकटा म्हणाला. "छंद होता त्याला."

"त्या वेळचे आहेत?"

"असतील."

तिने ते धुतले, पुसले, एका वाटीत घालून काउंटरवर ठेवले. तो जिथे शेवटचा चालला तिथलं आपल्याकडे एवढं तरी आहे, असं म्हणाली. मग काकाच्या खांद्यावर हात ठेवला.

"तू होतास तिथे, म्हणून मला झोप लागते, काका. निदान शेवटी आपलं माणूस जवळ होतं."

दारावरची घंटी वाजली. गिऱ्हाईक आलं होतं. धाकटा उठला, वाटी थोडी बाजूला सरकवली आणि तक्त्यासमोरचा दिवा लावला.

"या, बसा," तो म्हणाला. "वरची ओळ वाचा."